पुढचं तिकीट दाखवा!

वाचक विचारतात

व्हिसाविना प्रवेश देणाऱ्या देशांबद्दल आलेल्या पत्रांचा रोख या वेळी बहुतेक एकाच गोष्टीकडे आहे: त्या देशातून बाहेर पडण्याचं तिकीट. सारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : ज्या देशात निघालो होतो त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर परतीच्या तिकिटाचा शब्दही नव्हता. तरी विमान कंपनीने काउंटरवर ते मागितलं आणि नाही म्हटल्यावर बोर्डिंग पास अडवून ठेवला. कंपनीला हा अधिकार कुणी दिला?

उत्तर : तुम्ही जिथे उतरणार होतात, त्या देशाने. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेलं नववं परिशिष्ट आहे. प्रवाशाला विमानात बसवण्याआधी, उतरण्याच्या आणि वाटेतल्या देशाला हवी असलेली कागदपत्रं त्याच्याकडे आहेत ना, हे पाहण्याची जबाबदारी त्यात विमान कंपनीवर टाकली आहे. प्रवेश नाकारला गेला तर त्या प्रवाशाला परत न्यायचं तेही तिनेच. अनेक देश वर दंडही लावतात. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणल्यास युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात दंडाचे जे पर्याय दिले आहेत, त्यांतला एक म्हणजे माणशी किमान ३,००० युरो. आता काउंटरवरचा माणूस एवढा कडक का वागतो ते कळेल.

तो माणूस दूतावासाचं संकेतस्थळ बघत नाही. त्याच्या स्क्रीनवर 'टिमॅटिक' असतं. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयाटा' हिचा हा माहितीसंच. तुमचं नागरिकत्व, पासपोर्टचा प्रकार, निघण्याचं ठिकाण, वाटेतले थांबे आणि मुक्कामाचा देश भरला की त्यात नियमाचा मजकूर समोर येतो. परतीच्या तिकिटाबाबत तो साधारण दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो. 'परतीचं किंवा पुढचं तिकीट असणं आवश्यक' असं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. 'असं तिकीट नसलेल्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो' असं असेल तर निर्णय कंपनीच्या धोरणावर आणि समोरच्या सुपरवायझरवर जातो. म्हणूनच एकाच मार्गावर एक कंपनी तिकीट मागते आणि दुसरी विचारतही नाही.

हाच मजकूर प्रवाशांसाठी आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरच्या पानावर आणि बऱ्याच विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतःची माहिती भरून तो काढा आणि छापून जवळ ठेवा. काउंटरवर दूतावासाच्या ईमेलपेक्षा या एका पानाचा उपयोग जास्त होतो.

प्रश्न : माझ्याकडे पुढच्या प्रवासाचं बुकिंग होतं, पीएनआरही होता. तरी 'हे तिकीट नाही' असं उत्तर मिळालं. फरक काय?

उत्तर : फरक पैशांचा आणि तेरा आकड्यांचा. पीएनआर म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा आरक्षणाचा संकेत. तो पैसे न भरताही तयार होतो. आरक्षण करताना कंपनी तिकीट काढण्याची मुदत घालून देते. ती टळली की जागा आपोआप सुटते आणि पीएनआर रिकामा उरतो. तिकीट खरोखर निघालं की १३ आकडी ई-तिकीट क्रमांक मिळतो. त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, उदाहरणार्थ ०९८ एअर इंडियाचे, १७६ एमिरेट्सचे. मात्र काही स्वस्त विमान कंपन्या ई-तिकीट क्रमांक देतच नाहीत. तिथे पैसे भरल्याची नोंद असलेला बुकिंगचा कागद हेच तिकीट.

तुमचा कागद समोर ठेवा आणि तीन जागा पाहा. एक, तिकीट क्रमांक आहे का. दोन, प्रवासाच्या ओळीत स्थिती काय लिहिली आहे. 'एचके' किंवा 'कन्फर्म्ड' म्हणजे जागा पक्की. 'एचएल' म्हणजे प्रतीक्षायादी, आणि ती पुरावा म्हणून चालत नाही. तीन, पीएनआर नेमका कुणाचा आहे. एजंटकडून किंवा बुकिंगच्या संकेतस्थळावरून काढलेल्या कागदावर अनेकदा अमेडियस, सेबर किंवा गॅलिलिओ या आरक्षण यंत्रणेचा संकेत छापलेला असतो. विमान कंपनीचा संकेत वेगळा असतो. काउंटरवरचा कर्मचारी दुसऱ्या कंपनीचं तिकीट तपासायला तिच्या संकेतस्थळावर संकेत आणि आडनाव टाकतो. एजंटचा संकेत तिथे टाकला की 'बुकिंग सापडत नाही' असं येतं आणि खरं तिकीटही खोटं ठरतं. एजंटकडून विमान कंपनीचा संकेत मागून घ्या आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः एकदा उघडून बघा.

आडनावाचा घोळ यातच येतो. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल तर काही कंपन्या नावच दोनदा छापतात. आडनावाच्या रकान्यात काय टाकल्यावर बुकिंग उघडतं ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मागे रांग वाढत असताना काउंटरवर तो शोध घेणं नको.

प्रश्न : शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) ९० दिवस राहता येतं. १ मार्चला पोहोचत आहे, म्हणून ३१ मेचं परतीचं तिकीट काढलं. बरोबर ना?

उत्तर : दोन दिवसांनी चुकलं. ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. मार्चचे ३१, एप्रिलचे ३० मिळून ६१. उरलेले २९ मेमधले. म्हणजे शेवटचा दिवस २९ मे. हा हिशेब आधी त्या भागात गेलाच नसाल तर. ९० दिवस हे कुठल्याही १८० दिवसांतले असतात, म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे १८० दिवस मोजून बघावे लागतात. हिवाळ्यात दहा दिवस जाऊन आला असाल तर ते या ९० मधून वजा होतात.

आता एक खुबीची जागा. समजा, विमान ३० मेच्या मध्यरात्री साडेबारा वाजता सुटतं. पासपोर्ट तपासणी २९ तारखेला रात्री दहालाच उरकेल, म्हणजे नोंद २९ चीच होईल. नियमाला धक्का नाही. पण जाताना काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला तिकिटावर ३० मे दिसतं, त्याच्या बोटांवरच्या हिशेबात एक दिवस जास्त भरतो आणि अडचण सुरू होते. असं विमान टाळा. दुसरी जागा विमान बदलण्याची. लिस्बनहून फ्रँकफर्टमार्गे टोकियोला जात असाल तर शेंगेनमधून बाहेर पडण्याची नोंद लिस्बनला होत नाही, फ्रँकफर्टला होते. २९ च्या रात्री लिस्बन सोडून ३० ला सकाळी फ्रँकफर्टहून निघालात तर ९१ दिवस भरले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. पूर्वी अस्पष्ट शिक्क्यामुळे एखादा दिवस सुटून जायचा, तेवढी फट आता उरत नाही.

३० दिवस देणाऱ्या देशांतही येण्याचा दिवस पहिला धरून मोजा आणि तिकीट एक-दोन दिवस अलीकडचं काढा. 'तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेईन' म्हणून ४५ व्या दिवसाचं तिकीट दाखवणं धोक्याचं. मुदतवाढ अजून तुमच्या हातात नाही, आणि काउंटरवरचा कर्मचारी हातात असलेल्या दिवसांवरच तिकीट ताडून पाहतो.

प्रश्न : पुढचं तिकीट कुठलंही चालतं का? शेजारच्या देशाचं सगळ्यात स्वस्त पडतं.

उत्तर : बहुतेक देशांना चालतं. ज्यांना चालत नाही तिथे मात्र लोक हमखास फसतात, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत विमानाने किंवा जहाजाने येणाऱ्याकडे परतीचं किंवा पुढचं तिकीट लागतंच, आणि त्याचा शेवट कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या कॅरिबियन बेटांवर होऊन चालत नाही. प्रवासी तिथलाच रहिवासी असेल तर गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कहून मेक्सिको सिटी एवढंच तिकीट दाखवलं तर अडचण. मेक्सिको सिटीहून पुढे आपल्या देशात जाणारी जोडणी त्याच प्रवासात असेल तर ठीक. कारण सरळ आहे. शेजारी एक फेरी मारून व्हिसामाफीचे नवे ९० दिवस मिळवण्याची वाट अमेरिकेला बंद करायची आहे. कॅनडा-मेक्सिकोत घालवलेले दिवसही त्याच ९० मध्ये धरले जातात.

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा हे चार देश मिळून एकच ९० दिवसांची मुदत देतात. ग्वाटेमालाहून एल साल्वादोरला जाणारी बस सीमा ओलांडते, पण मुदत पुढे सरकत नाही. त्या चौघांबाहेरचं, म्हणजे मेक्सिको, बेलीझ किंवा कोस्टा रिकाचं तिकीट दाखवा. पॅरिस ते रोम या तिकिटाचंही तेच. दोन्ही शहरं शेंगेनमध्ये असल्यामुळे ते 'बाहेर पडणं' होत नाही.

चीनची व्हिसाविना ट्रान्झिटची सवलत हा तर वेगळाच प्रकार. ठराविक देशांच्या पासपोर्टधारकांना ती १७ डिसेंबर २०२४ पासून २४० तासांची झाली. अट अशी की चीनमध्ये ज्या देशातून आलात त्या देशात थेट परत जायचं नाही, तिसऱ्या ठिकाणी जायचं. टोकियो-शांघाय-टोकियो चालत नाही. टोकियो-शांघाय-सोल चालतं. टोकियो-शांघाय-हाँगकाँगही चालतं, कारण हाँगकाँग, मकाव आणि तैवान या हिशेबात वेगळे धरतात. तारीख आणि आसन पक्कं असलेलंच तिकीट लागतं. तास विमान उतरल्यापासून मोजत नाहीत, दुसऱ्या दिवशीच्या शून्य वाजल्यापासून मोजतात. ५ तारखेला सकाळी दहाला उतरलात तर घड्याळ ६ तारखेला सुरू होतं आणि १५ तारीख संपेपर्यंत चालतं. इथे पुढचं तिकीट हा जोडकागद नसतो, त्याच्यावरच प्रवेश मिळतो.

आणि शेवटी, ज्या देशाचं तिकीट दाखवता तिथे तुमच्या पासपोर्टला प्रवेश आहे का? तिथला व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर कर्मचारी ते तिकीट बाजूला सारू शकतो.

प्रश्न : मी बसने सीमा ओलांडणार आहे. माझा मित्र मोटारसायकलवर आहे, मैत्रीण शिडाच्या बोटीवर दाखल होणार आहे. आम्ही विमानाचं तिकीट का काढावं?

उत्तर : इमिग्रेशनला बस, रेल्वे, फेरी, क्रूझ यांचं तिकीट सहसा पुरतं. अडतं ते विमान कंपनीपाशी. टिमॅटिकच्या मजकुरात विमानाचाच उल्लेख आहे की नुसतं 'तिकीट' म्हटलं आहे ते आधी वाचा. बसच्या तिकिटावर तुमचं नाव, तारीख आणि सीमेपलीकडच्या शहराचं नाव छापलेलं हवं. बसस्थानकावरच तिकीट मिळणाऱ्या मार्गांवर हे जमत नाही. ऑनलाइन तिकीट देणारी आंतरराष्ट्रीय बस कंपनी शोधा.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याने वाहनाची नोंदणी, सीमाशुल्काचं कारनेट (वाहन शुल्क न भरता तात्पुरतं देशात नेण्याचा कागद) आणि पुढच्या देशाचा प्रवेश परवाना दाखवावा. तरीही वन-वे विमान पकडताना जपून. यावर कर्मचाऱ्यांचं एकमत होत नाही. बोटीवर दाखल होणाऱ्यांसाठी कप्तानाचं सहीचं पत्र लागतं. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, सध्याचं बंदर, निघण्याची अंदाजे तारीख आणि पुढचं बंदर असावं. सोबत बोटीच्या नोंदणीची प्रत आणि तुमचं नाव असलेली खलाशांची यादी. हे सगळं चार दिवस आधी विमान कंपनीला पाठवून तिचा होकार बुकिंगमध्ये नोंदवून घेता आला तर उत्तम.

प्रश्न : किती दिवस राहायचं ते ठरलेलं नाही. कमी खर्चात पुढचं तिकीट कसं काढावं?

उत्तर : आमची पहिली पसंती : ज्या देशात तुम्हाला व्हिसा लागत नाही अशा शेजारच्या देशाचं सर्वांत स्वस्त वन-वे, थेट विमान कंपनीकडून. गेलं तर गेलं, असं धरून चाला. खोट्याची पाळी येत नाही, परताव्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा मार्ग पूर्ण परताव्याच्या तिकिटाचा. यात लोक एका शब्दाला भुलतात. 'रिफंडेबल' लिहिलेलं असतं, पण परतावा मूळ कार्डावर येतो की कंपनीच्या क्रेडिट-व्हाउचरमध्ये, हे भाड्याच्या अटींत खाली असतं. ते वाचा. रद्द करायचं ते विमान सुटण्याआधी. न कळवता गैरहजर राहिलात तर बऱ्याच भाड्यांत परताव्याचा हक्क संपतो किंवा मोठी कपात होते. दुसऱ्या चलनात पैसे भरले असतील तर दरातल्या फरकाचा फटका तुमचाच.

तिसरा मार्ग बराच बोलला जातो, तो अमेरिकेच्या २४ तासांच्या नियमाचा. अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या किंवा तिथल्या अंतर्गत विमानांचं तिकीट २४ तासांत दंड न भरता रद्द करू देणं, किंवा पैसे न घेता २४ तास भाडं राखून ठेवणं, यांपैकी एक सोय कंपनीला द्यावी लागते. पण ती प्रवासाच्या किमान ७ दिवस आधी केलेल्या बुकिंगला, आणि थेट कंपनीकडून घेतलेल्या तिकिटालाच. घड्याळ खरेदीच्या क्षणापासून चालतं. घरून निघताना काढलेलं तिकीट दोन जोडण्यांचा प्रवास करून इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहीपर्यंत मुदतीबाहेर गेलेलं असू शकतं.

जाण्या-येण्याचं तिकीट काढून फक्त येण्याचा भाग वापरू पाहणाऱ्यांना एक सूचना. जाण्याचा भाग सोडलात तर कंपनी उरलेले भाग आपोआप रद्द करते. पुढचं तिकीट वेगळं काढलेलं बरं.

प्रश्न : ४८ तासांसाठी 'भाड्याने' मिळणारं तिकीट किंवा डमी तिकीट चालतं का?

उत्तर : ते असतं बहुतेक वेळा नुसतं आरक्षण, मुदत संपली की सुटणारं. तपासलं तर १३ आकडी क्रमांक नसतो. नाही तपासलं तर निभावतं. विमान सहा तास उशिरा सुटलं आणि मुदत वाटेतच संपली की इमिग्रेशनला दाखवायला हातात काही उरत नाही. ही जोखीम घेऊ नये असं आमचं मत आहे.

संगणकावर तारीख बदललेली किंवा नाव चिकटवलेली पीडीएफ मात्र सरळ बनावट कागद आहे. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्यास दहा वर्षांपर्यंत प्रवेश बंद होऊ शकतो. अमेरिकेत खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवण्याचा प्रयत्न कायमचा अपात्र ठरवतो, आणि व्हिसामाफी योजनेत आलेल्याने प्रवेश नाकारण्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आधीच सोडलेला असतो. अधिकारी विचारतो, 'याच विमानाने जाणार का?' त्या प्रश्नाला तुमचं उत्तर खरं असायला हवं. 'बेत बदलू शकतो, पण मुदतीच्या आत जाईन' असं सांगणं यात गैर काही नाही.

प्रश्न : तिकिटाऐवजी बँकेत पैसे आहेत हे दाखवलं तर?

उत्तर : काही ठिकाणी चालतं. न्यूझीलंड पुढच्या तिकिटाऐवजी ते विकत घेण्याइतके पैसे असल्याचा पुरावाही मानतो. तो खर्चासाठीच्या रकमेवर जादा : महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर, राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. शेंगेनच्या नियमात परतण्याइतकी ऐपत पाहतात, परतीचं तिकीट हा त्याचा एक पुरावा. जिथे टिमॅटिकमध्ये 'तिकीट आवश्यक' एवढंच आहे तिथे बँकेचा कागद कितीही जाड असला तरी उपयोग नाही.

प्रश्न : काउंटरवर अडवलंच तर त्या क्षणी काय करायचं? विमान सुटलं तर भरपाई मिळते का?

उत्तर : भरपाईचं आधी, कारण ते छोटं आहे. मिळत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमातही अपुऱ्या प्रवास-कागदपत्रांमुळे अडवणं हे भरपाईच्या व्याख्येतून वगळलं आहे. कागद पुरेसे असूनही अडवलं असेल तर मात्र कारण लेखी मागा आणि स्क्रीनवरचा मजकूर कुठला होता ते लिहून घ्या. पुढची लढाई त्यावरच.

आता त्या क्षणाचं. ऑनलाइन चेक-इन करताना बोर्डिंग पासऐवजी 'कागदपत्रं काउंटरवर तपासली जातील' असा संदेश आला असेल तर तो इशारा समजा आणि काउंटर उघडण्याच्या वेळीच हजर राहा. आंतरराष्ट्रीय विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. अडवल्यावर कर्मचाऱ्याला एकच विचारा : 'नियमात नेमकं काय लिहिलं आहे, मला वाचायला दाखवता का?' कुठला देश, कुठल्या तारखेच्या आत, विमानच की बसही, हे कळल्याशिवाय घाईने काढलेलं तिकीट चुकीचं निघतं. मग बाजूला होऊन मोबाइलवरून थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदी करा. एजंटच्या संकेतस्थळावर पैसे लगेच जातात, पण तिकीट क्रमांक यायला कधी मिनिटं लागतात, कधी तास. तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो. परदेशी खरेदीसाठी कार्ड आधीच चालू करून ठेवलेलं असावं, आणि ओटीपी येणारा फोन बॅगेत नको, हातात हवा.

तिकीट दोन वेगळ्या बुकिंगमध्ये असेल तर हीच तपासणी पुन्हा होऊ शकते. पहिली कंपनी तिच्या तिकिटाच्या शेवटापर्यंतचं पाहते, दुसरी मधल्या विमानतळावर. तिथे सामान उचलून पुन्हा द्यायचं असेल तर आधी त्या मधल्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि मग त्या देशातून बाहेर पडण्याचं तिकीट म्हणून तुमचं दुसरं बुकिंगच दाखवावं लागतं. म्हणून त्याचा कागद चेक-इन केलेल्या बॅगेत जाऊ देऊ नका.